वृद्धांची झोप : एक आरोग्यपाठ

आपल्या खेडेगावांत एक समजूत फार जुनी असून ती घरोघर सारखीच आढळते. ती ही की, वय झाले म्हणजे मनुष्यास झोपेची गरज राहत नाही. आजोबा रात्री दोन वाजता उठून बसले, किंवा आजी रात्रभर कूस बदलीत राहिली, तर घरची माणसे म्हणतात, "म्हातारपण आहे, चालायचेच." इतके बोलून तो विषय तेथेच संपतो. लेकराला दोन रात्री झोप आली नाही तर आई त्यास उचलून दवाखाना गाठते. परंतु त्याच घरातील वृद्धेस दोन वर्षे स्वस्थ झोप नसली तरी तिला कोणी विचारीत नाही, व तीही कोणास सांगत नाही. कारण तिचीही समजूत तीच झालेली असते.

ही समजूत खरी नाही, इतकेच नव्हे तर ती घातक आहे, हे या पाठात दाखविण्याचा आमचा हेतू आहे. म्हातारपणी झोपेची गरज फारशी कमी होत नाही. कमी होते ती झोप घेण्याची शक्ती. या दोहोंतील भेद वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. म्हाताऱ्याचे दात पडले म्हणून त्याची भूक मेली असे आपण म्हणत नाही. भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवितो. मग झोप मोडू लागली असता तिची गरजच संपली असे का म्हणावे? २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात साठ व त्यावरील वयाची माणसे सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. तेव्हा हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा नव्हे.

१. झोप म्हणजे काय?

झोप म्हणजे विझलेला दिवा, अशी पुष्कळांची कल्पना असते. शरीर थांबले, मेंदू थांबला, सकाळी दोन्ही पुन्हा चालू झाले, असे त्यांस वाटते. परंतु तसे नाही. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरींची नोंद घेतली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. त्या मार्गाने पुढे शोध होत गेला, तेव्हा झोपलेल्या मनुष्याचा मेंदूही कामात असतो, फक्त त्याचे काम निराळे असते, असे दिसून आले. पुढे १९५३ साली शिकागो विश्वविद्यालयातील युजीन ॲसेरिन्स्की व नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखविले की, झोपेत ठराविक वेळाने मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरू लागतात, व त्या वेळी मनुष्यास जागे केले असता तो बहुधा स्वप्न सांगतो.

सारांश, झोपेचे प्रकार तीन मानावे : हलकी झोप, गाढ झोप व स्वप्नांची झोप. या तिन्ही मिळून सुमारे दीड तासाची एक पाळी होते, व रात्रीतून अशा चार-पाच पाळ्या होतात. गाढ झोप बहुतेक पूर्वरात्री पडते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे अधिक असते. यास्तव झोप किती तास मिळाली एवढेच पाहून भागत नाही. ती सलग मिळाली की तुकड्यातुकड्यांनी, हेही पाहिले पाहिजे.

२. वयाबरोबर काय बदलते व काय बदलत नाही?

पहिला बदल हा की, गाढ झोपेचा अंश वयाबरोबर कमी होत जातो व हलक्या झोपेचा वाढतो. तरुणपणी शेजारी ढोल वाजला तरी जाग न येणाऱ्या मनुष्यास साठीनंतर भांड्याच्या आवाजाने जाग येते.

दुसरा बदल वेळेचा. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ होय. डोळ्यांवाटे आत जाणाऱ्या उजेडावरून हे घड्याळ रोज लावले जाते. वृद्धापकाळी हे घड्याळ पुढे धावू लागते. त्यामुळे संध्याकाळी लवकर डोळे जड होतात व पहाटेपूर्वीच जाग येते. शिवाय डोळ्यांतील भिंग पिवळसर व धूसर झाल्याने आत जाणारा उजेड कमी होतो, आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या वृद्धाचे घड्याळ अधिकच बिघडते.

आता न बदलणारी गोष्ट पाहू. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशन या संस्थेने २०१५ साली तज्ज्ञांच्या विचारे वयोमानाप्रमाणे झोपेचे प्रमाण सांगितले. त्यात प्रौढ माणसांस सात ते नऊ तास, व पासष्टी ओलांडलेल्यांस सात ते आठ तास, असे दिले आहे. म्हणजे फरक पडला तो वरच्या मर्यादेत एक तासाचा. चार तासांच्या झोपेवर म्हाताऱ्याचे भागते असे त्यात कोठेही नाही.

येथे एक हिशेब करून पाहावा. समजा, एक आजी साडेसात वाजता जेवून निजते व अडीच वाजता उठून बसते. घरची माणसे म्हणतात, "आजीला झोपच नाही." पण साडेसात ते अडीच हे सात तास झाले! तिची झोप हरवलेली नाही. ती फक्त अलीकडे सरकली आहे. उलट दुसरे एक आजोबा नऊ वाजता अंथरुणावर पडतात व सहा वाजता उठतात. लोक म्हणतात, "नऊ तास झोपले." परंतु ते पाच वेळा लघवीस उठले व दर वेळी अर्धा-पाऊण तास तळमळत पडले, हे कोणी मोजले नाही. यास्तव उपाय करण्यापूर्वी आठ दिवस हिशेब ठेवावा : केव्हा निजले, किती वेळा उठले, केव्हा उठून बसले, आणि दिवसा किती वेळ डुलकी लागली. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाने हे वहीत लिहावे. दवाखान्यात ही वही कोणत्याही तक्रारीहून अधिक उपयोगी पडते.

३. झोप मोडल्याने काय बिघडते?

पहिली गोष्ट रक्तदाबाची. निरोगी मनुष्य निजला असता त्याचा रक्तदाब दिवसाच्या मानाने शेकडा दहा ते वीस इतका उतरतो, व हृदयास आणि रक्तवाहिन्यांस विश्रांती मिळते. ज्याची झोप वारंवार मोडते त्यास ही विश्रांती पुरी मिळत नाही. अपुऱ्या झोपेने रक्तातील साखरही आवरणे कठीण जाते. ज्या घरात वृद्धास रक्तदाब व मधुमेह यांच्या गोळ्या नेमाने दिल्या जातात, पण झोपेची चौकशी कोणी करीत नाही, तेथे अर्धेच काम होते असे समजावे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. दिवसा पाहिलेले व ऐकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत होते. शिवाय २०१३ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विश्वविद्यालयात मेकेन नेडरगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, झोपेत मेंदूच्या पेशींमधील जागा रुंदावते, व स्मृतिभ्रंशाच्या विकारात साठणारा एक मळ अधिक वेगाने धुऊन जातो. माणसांत हे नेमके कसे घडते याचा शोध अद्यापि चालू आहे. इंग्लंडात सुमारे आठ हजार सरकारी नोकरांची पंचवीस वर्षे नोंद ठेवून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नास, साठ व सत्तर या तिन्ही वयांत जे सहा तास किंवा कमी झोपत होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांच्या मानाने शेकडा तीस अधिक दिसला. यावरून घाबरून जाऊ नये. कमी झोपणाऱ्या प्रत्येकास हा विकार होतो असे नाही, आणि कमी झोप हेच त्याचे कारण होय असेही यावरून सिद्ध होत नाही. तथापि झोपेची हेळसांड करू नये इतका बोध त्यातून निश्चित घ्यावा.

तिसरी गोष्ट पडण्याची, व खेड्यातील घरांत ही सर्वांत निकडीची आहे. झोप न झालेला वृद्ध अंधारात उठतो, तोल सावरत नाही, उंबऱ्यास अडखळतो किंवा मोरीत घसरतो, आणि खुब्याचे हाड मोडते. खुबा मोडल्यावर पुष्कळ वृद्ध पूर्वीसारखे आपल्या पायांनी हिंडूफिरू शकत नाहीत. एका रात्रीच्या पडण्याने घरचा कर्ता पुरुष खाटेस खिळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

४. झोप कशाने मोडते?

केवळ वयाने झोप मोडते असे म्हणून थांबणे म्हणजे कारण शोधण्याचा आळस करणे होय. बहुतेक वेळा आणखी काही तरी असते.

(अ) रात्री वारंवार लघवीस होणे. याचे मूळ मधुमेहात असेल, पुरुषांत मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीत असेल, किंवा दिवसा सुजलेल्या पायांतील पाणी निजल्यावर रक्तात परत आल्यामुळेही असेल. कधी कधी लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतल्यानेही असे होते. ती सकाळी घेतली तर चालेल काय, हे डॉक्टरांस विचारावे. आपल्या मनाने वेळ बदलू नये.

(आ) घोरणे व श्वास अडणे. मोठ्याने घोरणारा मनुष्य मध्येच गप्प होतो, दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबतो, आणि मग गुदमरल्यासारखा हिसका देऊन श्वास चालू होतो. लोक यास गाढ झोप समजतात. वास्तविक त्याची झोप रात्रीतून कितीतरी वेळा तुटत असते. अशा मनुष्यास दिवसा बसल्या जागी पेंग येते. वजन कमी करणे व कुशीवर निजणे यांनी काहींस गुण येतो. नाकावाटे दाबाने हवा देणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पुढे आणले, व ते आपल्या देशातही मिळते.

(इ) पाय ओढणे. निजल्यावर पायांत किडे वळवळल्यासारखे वाटणे, व पाय हलविले की बरे वाटणे, हा एक विकार आहे. शरीरात लोह कमी झाल्यानेही तो होतो. रक्त तपासले असता लोहाची कमतरता कळते.

(ई) दुखणी व मनाचे दुःख. गुडघेदुखी, दमा, छातीतील जळजळ ही रात्री वाढतात. तसेच जोडीदार गेलेला वृद्ध पहाटे तीन वाजता जागा होतो, त्यास अन्न गोड लागत नाही व कोणाशी बोलावेसे वाटत नाही. हा केवळ झोपेचा विकार नव्हे; मनाच्या खिन्नतेचा आजार असू शकतो, व त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर याविषयी विनामूल्य बोलता येते.

(उ) झोपेत ओरडणे व हातपाय मारणे. कोणी वृद्ध स्वप्नात मोठ्याने ओरडतो, शेजारी निजलेल्यास मारतो, अंथरुणातून खाली पडतो. गावात यास बाधा झाली असे म्हणतात व अंगारा-धुपारा चालतो. परंतु अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन करून ठेविले आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीर एरवी सैल पडते. या विकारात ते सैल पडत नाही, म्हणून मनुष्य स्वप्नाप्रमाणे वागू लागतो. काही वेळा कंपवाताची ही आगाऊ खूण असते. यास्तव मांत्रिकाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

(ऊ) सवयी. चहातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी सहाच्या चहाचा परिणाम रात्री अकरालाही उरतो. आपल्याकडील पुष्कळ वृद्ध स्त्रिया निजताना, व रात्री जाग आली म्हणजे पुन्हा, दातांस मिश्री लावितात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती मेंदूस जागे करते. दारूने गुंगी येते खरी, परंतु उत्तररात्री तीच झोप मोडते.

५. झोपेच्या गोळ्यांविषयी सावधगिरी

वाचकहो, हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. पुष्कळ घरांत असे घडते की, एकदा डॉक्टरांनी आठ दिवसांकरिता लिहून दिलेली गोळी पुढे वर्षानुवर्षे चालू राहते. किंवा शेजारणीस लागू पडली म्हणून तिची गोळी आपल्या सासूस दिली जाते. अल्प्राझोलाम, डायझेपाम व त्या जातीच्या गोळ्या म्हाताऱ्या शरीरात फार वेळ रेंगाळतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी गुंगी राहते, तोल जातो, स्मरण मंदावते व बुद्धीस भ्रम होतो. ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याची स्थिती तर अधिकच बिघडू शकते. अमेरिकेतील वृद्धवैद्यकाच्या संस्थेने वृद्धांस शक्यतो न द्यावयाच्या औषधांची जी यादी ठेविली आहे, त्यात या गोळ्या आहेत. २०२३ सालच्या सुधारलेल्या यादीतही त्या आहेत. आपल्या देशातही यांतील पुष्कळ गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे.

परंतु जो मनुष्य अशा गोळ्या पुष्कळ दिवस घेत आला आहे त्याने हे वाचून त्या एकाएकी टाकून देऊ नयेत. तसे केल्यास अधिक जागरण, घाबरेपणा, क्वचित आकडीही येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करीत जावे.

गोळीवाचून उपाय नाही असेही नव्हे. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने असे ठरविले की, जुन्या निद्रानाशावर सर्व वयाच्या प्रौढांस प्रथम सवयी व विचार सुधारण्याची उपचारपद्धती द्यावी, गोळीचा विचार मागाहून करावा. त्या पद्धतीतील पुष्कळ गोष्टी आपल्या घरी करता येण्याजोग्या आहेत.

६. काय करावे?

वृद्धांनी स्वतः करावयाचे ते असे :

उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, मग रात्र कशीही गेली असो. अंथरूण केवळ झोपेसाठी असावे. दिवसभर त्यावर लोळू नये. वीस मिनिटे झाली असे वाटेतोवर झोप आली नाही, तर तळमळत न पडता उठून स्वस्थ बसावे, व डोळे जड झाले म्हणजे पुन्हा निजावे. घड्याळाकडे पाहत राहू नये. दुपारची डुलकी तीन वाजण्यापूर्वी व अर्ध्या तासाच्या आत असावी. दिवसा जमेल तसे चालावे व उजेडात बसावे. ज्यांस संध्याकाळीच पेंग येते त्यांनी घरात न बसता दिवस मावळेपर्यंत अंगणात, उजेडात, माणसांशी बोलत बसावे. त्याने धावते घड्याळ थोडे आवरते. दुपारनंतर चहा व रात्री मिश्री सोडावी. निजण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने पाय धुण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. पायांतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता बाहेर जाते व झोप लवकर येते. मधुमेह्यांनी पाणी किती ऊन आहे हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. रात्री जाग आल्यास एकदम उभे न राहता क्षणभर अंथरुणावर बसून मग उठावे.

घरच्यांनी करावयाचे ते याहून महत्त्वाचे आहे. घरातील सर्वांत वाईट जागा बहुधा वृद्धाच्या वाट्यास येते : दाराजवळचा वारा, ओसरीवरील डास, किंवा जेथे मध्यरात्रीपर्यंत टेलिव्हिजन व मोबाईल वाजतो ती खोली. त्यांची खाट शांत, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावी, मच्छरदाणी द्यावी. खाटेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी करावी, तेथे एक मंद दिवा ठेवावा, व चालताना लागणारी काठी हाताशी असू द्यावी. रात्रीची जेवणाची वेळ सुनेच्या व मुलांच्या सोयीने अकरावर जात असेल, तर वृद्धास आधी वाढावे. ज्या गावी शेतीपंपाची वीज रात्री येते तेथे म्हाताऱ्या बापास पाणी धरण्यास धाडू नये. तरुण मुलाने एक रात्र जागरण केले तर ते दुसऱ्या दिवशी भरून येते; बापाचे तसे सहज भरून येत नाही.

उपदेशक बंधू व भगिनी घरोघर भेटीस जातात, तेव्हा वृद्धांस "जेवण जाते काय?" असे विचारतात. त्याबरोबर "झोप लागते काय, व दिवसा ताजेतवाने वाटते काय?" असाही प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी आले आणि तसे तीन-चार आठवडे चालले असेल, श्वास अडत असेल, रात्री भ्रम होत असेल, किंवा एकदा जरी पडणे झाले असेल, तर आशाताईस कळवून त्या वृद्धास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे व झोपेची ती वही बरोबर घ्यावी.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. झोपेची गरज व झोप घेण्याची शक्ती यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
२. आपल्या घरातील वृद्ध काल रात्री किती वाजता निजले व किती वेळा उठले? ठाऊक नसल्यास आज विचारा.
३. त्यांच्या खाटेपासून मोरीपर्यंत अंधारात एकदा स्वतः चालून पाहा. कोठे कोठे पाय अडखळला?
४. घरात झोपेची कोणती गोळी आहे? ती कोणी, केव्हा व किती दिवसांकरिता लिहून दिली होती?
५. या आठवड्यात त्यांच्या झोपेसाठी घरातील कोणती एक गोष्ट बदलता येईल, व ती कोण बदलील?